साक्षीदार

वेल्सच्या किनाऱ्यावर, कॅराव्हॅनतळामागे,
कुंपणाला तारेनं बांधलेला पत्र्याचा डबा.
चार पौंड टाकायचे. बघायला कुणी नसतं.
नऊ होल, सगळ्यात लांबचं नव्वद पावलांवर.
गवत मेंढ्या राखतात, म्हणजे खातात.

औषधांच्या दुकानातून सुटले की मी येते,
मावशीची सात नंबरची जुनी स्टिक घेऊन,
मुठीला इन्सुलेशन टेप.
आज सातव्यावर वारा तिरका होता.
मारला.
चेंडू मेंढीच्या शेपटाजवळ उसळला,
घरंगळत गेला आणि
नव्हताच.

भोकात हात घातला : तळाशी गार पाणी,
पाण्यात माझा चेंडू.
ओरडून सांगावं कुणाला?
मेंढीनं एकदा मान वर केली, इतकंच.

टपरीतल्या फळीवर नाव रंगवायचं
तर साक्षीदाराची सही लागते.
म्हातारा एम्लिन यंत्राला तेल पाजत बसलेला.
'पाहिलं नाही मी,' म्हणाला,
'झुडपाआड होतो. पण आवाज आला.
तो आवाज वेगळाच असतो, पोरी.'

पेन शोधलं, मग चष्मा शोधला,
सही करता करता थांबला :
'डब्यात पैसे टाकलेस ना?'

टाकले होते.