म्हणून

जिंतूरच्या तहसीलसमोर, झेरॉक्सच्या टपरीला लागून
माझं टेबल, माझं मशीन.
'र'ची कळ अडकते, बाकी ठीक.

प्रयागबाई घनसावंत उभ्यानंच सांगत होती:
सांजची साडेपाचची गाडी बंद केली,
म्हणून आमच्या पोरी दहावीनंतर घरी बसल्या.
सबब, गाडी चालू करावी.

'म्हणून'पाशी माझं बोट थांबलं.
बाई, गाडी आली तर पोरी जातील,
हे कुठंय?

ती बघतच राहिली,
जणू मी विचारलं होतं
मीठ खारट कशावरून.
'हे बी सांगावं लागतंय व्हय?'

लागतं.
तेहतीस वर्षं बघतोय, अर्ज पडतो तो
लिहिलेल्या ओळीवर नाही,
दोन ओळींच्या मधे, जिथं आपण
उघडच आहे म्हणून काही ठेवत नाही.
डेपोतला साहेब नेमका तिथं पाय देतो:
'गाडीचं निमित्त हो. पाठवायचंच नसेल त्यांना.'

पैसे न देता गेली. रागानंच.

पुढल्या बाजाराला परत आली.
कॅलेंडरच्या पाठीवर चौदा घरं,
मुलीच्या अक्षरात.
घरापुढं बापाची सही, नाहीतर आईचा अंगठा:
गाडी आली तर धाडू.
आणि कोपऱ्यात, तिरकं,
एका कंडक्टरचं नाव.
मुक्कामाची गाडी दीड कोसावर, फाट्यावर
रात्रभर रिकामी उभी असते,
तेही विचारून आली होती.

तीन घरांपुढं फुली.
एकीचं लग्न ठरलंय.
एकीला शिकायचंच नाही, ती स्वतःच म्हणाली.
तिसरीचा बाप म्हणाला, विमान आलं तरी नाही.

मी म्हणालो, हे तीन गाळू.
'गाळू नका. चौदाच्या चौदा हो म्हणले,
तर तुम्ही तरी मानता का?'

मी गुमान कागद लावला.

वाक्य तेच ठेवलं, शब्द न शब्द.
फक्त खाली: सोबत यादी जोडली आहे.
'म्हणून'वर या वेळी बोटं
जरा जोरात पडली असावीत.

तिनं कागद घेतला, उलटा केला.
वाचता येत नाही तिला.
पाठीमागून अंगठ्यानं चाचपत राहिली,
ओळ, ओळ,
आणि एका जागी थांबली.

'इथं काय लिव्हलंय?'