फोल्गा

गाडी माझी नाही, हे आधी सांगतो.
गाडी मिनगेलची, कुडचड्याच्या फाटकापल्याडची.
त्याच्या बापाने तिच्यातून खनिज सोडून सगळं वाहिलं:
मीठ, कौलं, फेस्ताचा बँड,
एकदा अख्खं वऱ्हाड,
एकदा, दुसरं वाहन मिळेना म्हणून, शेजारणीची शवपेटी.
मागे उघडी, पुढे नाक गोल.
सहा सिलिंडर. चार बोलतात,
दोन गप्प.

मी दोष दिला कार्ब्युरेटरला.
मडगावला गेलो, म्हापशाला गेलो,
शुक्रवारच्या बाजारात चोरिसाच्या माळा संपतात
तिथून वळून जुन्या लोखंडाच्या दुकानात.
दुकानदाराने विचारायचं, मॉडेल कुठलं,
मी सांगायचं,
आणि त्याने असं हसायचं
जसं कुणी पणजोबांचं आधारकार्ड मागितलं.

बेळगावचा एकजण फोनवर म्हणाला, आहे.
चोर्ला घाट चढून गेलो, हातात घेऊन पाहिला.
बोल्टाची भोकं चार.
आमची तीन.

मग दूधवाला म्हणाला, सावईवेऱ्याला
शाणू केरकराच्या कुळागरात असलंच काहीतरी धडधडतं.

पोफळींच्या थंड काळोखात, पत्र्याच्या आडोशाला
ते बसलेलं होतं.
चाकं नाहीत, दारं नाहीत, नाव नाही.
ब्लॉकवरची माती अंगठ्याने पुसली, आकडे लागले:
आमच्याहून एकोणीस पुढे.
म्हणजे एकाच आठवड्यात, समुद्रापलीकडच्या एकाच छपराखालून
निघाले होते दोघे.
एकाच्या वाट्याला मीठ आलं, एकाच्या वाट्याला पाणी.

शाणूने हँडल मारलं.
सहाही बोलले.
पाटातून पाणी गेलं खालच्या मळ्यापर्यंत,
एका बेडकाला घेऊन.

"काय हवं ते काढ," तो म्हणाला,
"फक्त पावसापर्यंत सुपारीला पाणी तू घाल."
मी पाना खिशात ठेवला.
निघताना त्याने तांदळाच्या डब्यातून एक पुस्तक काढलं,
वाळवीने कडा खाल्लेलं, पानोपानी ग्रीसचे अंगठे,
पोर्तुगीजमधलं.
"हे ने. हे काय पाणी ओढत नाही."

कुडतरीच्या दोन्य एर्मेलिंदाने जन्मात बॉनेट उघडलं नव्हतं.
चाळीस वर्षं मुलांना बाराखडी शिकवली, आधी त्यांची, मग आपली.
भिंग घेऊन ती बाल्कांवात बसली,
झडपांच्या पानावर आली, आणि हसली.
"फोल्गा," म्हणाली. "आम्ही पोरं म्हणायचो,
उद्या फोल्गा. म्हणजे शाळेला सुट्टी.
इथे लिहिलंय, प्रत्येक झडपेला फोल्गा द्यावी,
इंजिन गरम असताना मोजून."
"सुट्टी?"
"सुट्टी. नाहीतर जागा. तुला काय हवं ते घे."

मी चहाकडे बघत राहिलो.

टिकटिक ऐकवत नाही मला, कधीच नाही.
टॅपेट वाजला की मी आवळतो.
गिऱ्हाईक खूश, इंजिन मऊ,
चुलतभाऊ म्हणतो, मेस्ताचा हात लोण्याचा.
मिनगेलची गाडी पहिल्यांदा आली तेव्हाही आवळले होते,
सगळे, घट्ट, प्रेमाने.
दोन झडपा तेव्हापासून पुऱ्या मिटल्याच नाहीत.
जळलं नाही काही, हे नशीब.

त्या रात्री इंजिन तापवलं,
पोस्टकार्डाहून किंचित जाड पट्टी घेतली,
एकेक नट सैल केला, पट्टी सरकवली,
सरकताना तिला थोडं अडायला हवं, फार नाही.
बारा वेळा.

मिनगेल आला, कान लावून म्हणाला, "मेस्ता, वाजतंय."
"वाजू दे."
बेळगावचं बसभाडं मी बिलात लावलं नाही.
तेही त्याला सांगितलं नाही.

पुस्तक आता दूधवाल्याबरोबर परत पाठवायचं आहे.
तेवढ्यासाठी चाळत होतो तर कळलं
बहात्तर नंबरचं पान फाटलेलं आहे.
एकाहत्तरवर शेवटी चित्र आहे वॉटर पंपाचं, अर्धं.
आणि गाडी काल तिथूनच
गळायला लागली आहे.