पंधरा ग्रॅम

फ्रीजरच्या डाव्या खणात बटाट्याचे गोळे, मांस भरलेले,
उजव्या खणात उंदीर.
मध्ये गिंतारेची चिठ्ठी, चिकटपट्टीनं लावलेली:
बाबा, आधी चष्मा.

कौनासमध्ये मी ट्रॉलीबस दुरुस्त करतो.
कुठला बोल्ट किती आवळायचा, ते हाताला कळतं.
सापाला किती वाढायचं, ते कळेना.
तिची आई ज्यावर राईचं पीठ तोलायची
तो काटा काढला, वर डबा,
डब्यात हा, मक्याच्या दाण्यांसारखा पिवळा-तांबडा,
थंडगार वेटोळं करून.
एकशे पन्नास.
म्हणजे आठवड्याला एक उंदीर, पंधरा ग्रॅमचा,
त्याच्या अंगाच्या जाडीला जाडी.
"डोळ्यांना कमीच वाटेल," डॉक्टर दाइवा म्हणाली,
"डोळ्यांचं ऐकू नका.
उपाशी साप मी थोडे पाहिले, लाडावलेले फार."

उंदीर अख्खाच द्यायचा, हाडांसकट, काळजासकट.
सोललेलं, निवडलेलं त्याला पुरत नाही.
बाजारात जिवंत स्वस्त मिळतात,
पण कोपऱ्यात सापडलं की कुणीही चावतं.
म्हणून गोठलेलाच, रात्रभर खालच्या कप्प्यात,
मग पिशवीसकट कोमट पाण्यात.
मायक्रोवेव्हचं मी एकदाच विचारलं.
गिंतारे दोन दिवस बोलली नाही.

खालच्या मजल्यावरचे झेनोनास बशी घेऊन आले.
त्यांच्या आजोळी चुलीमागे पाणसाप राहायचा,
गाईच्या धारेतला पहिला वाटा त्याचा.
घरात साप आला म्हणजे घर वसलं, म्हणाले,
आणि बशी माझ्या हातात दिली, जपून, काठोकाठ.
सापाला दूध पचत नाही,
हे ऐंशी वर्षांच्या माणसाला कसं सांगायचं?
ते जिना उतरले. मी दूध प्यायलो.
धुतलेली बशी पाहून
ते आठवडाभर खुशीत होते.

मार्चमध्ये त्यानं तोंड फिरवलं.
एक उंदीर वाया, मग दुसरा.
रविवारी नॉर्वेहून युर्गिताचा फोन,
मागे माशांच्या कारखान्याचा भोंगा.
"जेवते ना नीट?"
मी म्हटलं, "जेवत नाही गं, दोन आठवडे झाले,"
आणि मग लक्षात आलं, ती सापाचं विचारत नव्हती.
मग मीही सापाचं बोलत नव्हतो.

त्याचे डोळे दुधाळ निळे झाले होते.
"कात टाकतोय," दाइवा म्हणाली. "थांबा.
वजन उतरत नाही ना? मग थांबा. तोंडाशी नाचवू नका."
मी थांबलो.
ताट ठेवायचो, आणि पाना घासत बसायचो
जणू पाना घासणं फार महत्त्वाचं आहे.

मंगळवारी दगडाशी कात पडलेली,
बुबुळांच्या काचांसकट, आख्खी.
संध्याकाळी पंधरा ग्रॅम गेले,
डोक्याकडून, सावकाश, जबडा जांभई देत सरळ झाला.
गिंतारे काचेला नाक लावून पाहत राहिली,
आणि पाहता पाहता दोन गोळे खाल्ले,
तिसऱ्यातलं अर्धं.

जेवणानंतर अठ्ठेचाळीस तास
त्याला उचलायचं नाही, असा नियम आहे.
मीही तिला काही विचारलं नाही.