हातचा

हडर्सफील्डच्या मेथडिस्ट चर्चमागचा हॉल,
तासाला अठरा पौंड, हीटरचे वेगळे.
शनिवार. पावणेतीन.
मी बाथरूममध्ये उभी राहून बाहीत रुमाल भरते आहे,
लाल, मग पिवळा, मग हिरवा,
शेपटाला शेपूट बांधून.
आरशात पन्नाशीची एक बाई,
काळ्या कोटावर चंदेरी टिकल्या,
वरात चुकलेल्या बँडवाल्यासारखी.

सोमवार ते शुक्रवार मी हॉस्पिटलात एक्सरे काढते.
श्वास घ्या. धरून ठेवा. सोडा.
मला लोकांच्या आतलं दिसतं.
एकदा एका पोराच्या पोटात दोन पेन्सचं नाणं दिसलं होतं,
स्वच्छ, गोल, पौर्णिमेसारखं,
आणि त्याची आई मला विचारत होती,
हे कधी बाहेर येईल?
शनिवारी मी तेच नाणं लपवते.
नवरा म्हणतो, तुझं काही कळत नाही.
नकोच कळायला.

एकवीस मुलं फरशीवर मांडी घालून.
मागे बाप लोक, हातात चहाचे कागदी कप,
चेहऱ्यावर ‘बघू तरी’.
मधोमध रूफस, आज पाच पूर्ण,
डोक्यावर पुठ्ठ्याचा मुकुट,
मुकुटाखाली उजव्या कानामागे
निळं, शेंगदाण्याएवढं यंत्र.

चिपळूणला साळवी बाई शिकवायच्या:
आठ नि सात पंधरा, पंधराचे पाच, हातचा एक.
हातचा कुठे ठेवायचा गं?
मुठीत, बाई.
पुढे सगळी विद्या मी तेवढ्यावरच केली.
लोक बघतात ते पाच.
एक माझ्या मुठीत.

तर मी म्हटलं, रूफस, कान नीट धुतलेस ना आज?
आणि हात नेला कानामागे,
नेहमीसारखा, वाटीसारखा वळवून,
तोच
शिट्टी.
बारीक, लांब, कुकरच्या आधीची असते तशी.

हॉल गप्प.
त्याची आई खुर्चीतून अर्धी उठली.
मला ठाऊक होतं हे, हाताची ओंजळ जवळ गेली की
ती यंत्रं ओरडतात,
रोज दहा पेशंटांची काढून ट्रेमध्ये ठेवते मी,
आणि नेमकं आज, इथे.
तोंडात ठरलेलं एकही वाक्य उरलं नाही.

रूफसनं माझ्याकडे पाहिलं.
मग मान तिरकी केली
आणि कान पुन्हा माझ्या हाताशी आणला.
शिट्टी.
मी हात मागे घेतला. गप्प.
जवळ. शिट्टी.
‘नाणं गातंय!’ कुणीतरी किंचाळलं,
आणि वीस मुलं गुडघ्यांवर रांगत पुढे.
वेण्यांवाली एक शहाणी म्हणाली,
‘हॅट, ते त्याचं मशीन आहे.’
‘नाहीये,’ रूफस म्हणाला,
एखाद्या वकिलासारखा.
‘जादू आहे.’
त्याला मला एक डोळा मारायचा होता.
दोन्ही मिटले.

पुढचं सगळं पडलं.
अंडं पिशवीत खरंच फुटलं,
रुमालांची गाठ बगलेत अडकली,
पत्त्यांतली राणी निघाली ती दुसरीच.
कुणाला फिकीर नव्हती.
रांग लागली होती कानाला हात लावायची,
आणि रूफस एकेकाला नंबरानं सोडत होता.

साडेचारला बाहेर. रिमझिम, अंधार पडायला आलेला.
डिकी उघडून मोजदाद केली, सवयच आहे:
रुमाल अकरा. दोऱ्या तीन. पत्ते बावन्न.
नाणी चार.
पुन्हा मोजली. चार.
कोट झटकला, बाही उलटी केली,
बूटसुद्धा काढून पाहिले, ओल्या डांबरावर एका पायावर उभी राहून.

सव्वीस वर्षं हातचलाखी करते आहे मी.
माझ्या मुठीतून कुणी, कधी,
त्या शिट्टीच्या वेळी की नंतर हात मिळवताना,
छे.

हॉलच्या खिडकीत दिवे लागलेले.
टेबलाशी रूफस, मुकुट एका बाजूला कलंडलेला,
डाव्या हातानं केक खातोय,
नाकाला क्रीम.
उजवी मूठ मिटलेली.