सुट्टीचा वार

उद्यमनगरात सोमवारची सुट्टी.
बंद फौंड्रीच्या माळ्यावरून मी
पुण्याच्या महासंगणकात शिरते.

काल रात्री, सहाशे चाळिसाव्या पायरीवर,
पहिल्या दीर्घिका धरू लागल्या
तोच विश्व अडकलं :
दोन कण फार जवळ आले,
ओढ वाढत गेली,
बाकीच्यांची वेळ त्या दोघांनीच खाल्ली.

खाली इराप्पा उद्याच्या साच्याची वाळू
मुठीत दाबून बघतोय.
"लई कोरडी. ढासळंल. जरा वल पायजे."

मीही कणांना मऊपणा
थोडा वाढवून दिला,
जॉब पुन्हा रांगेत लावला.
एकशे बारावा नंबर.

चहा ओतताना त्यानं विचारलं,
"किती कण म्हनलीस?"
"एक अब्ज."
त्यानं ढिगाकडं बघितलं,
ओठांतल्या ओठांत काहीतरी मोजलं.
"म्हंजे दोन घमेली."

नंबर एकशे नऊ.