थोडा पिठ्या राहू दे

फोंड्याला, तिस्कावर, एकतीस वर्षं
मी बाटल्या विकल्या.
लाल त्रिकोण, पिवळा, निळा, हिरवा:
विषाची प्रत रंगावरून ओळखायची
बोटांना सवय.
लोक पान घेऊन यायचे रुमालात गुंडाळून,
तापलेलं मूल आणावं तसं.
मी पान बघायचो, मग माणूस बघायचो,
आणि वरच्या फळीवरची बाटली काढायचो.

आता दुकान पुतण्याकडे
आणि मी बोरीला, घरामागे,
पावणेदोन गुंठ्यांचा धनी.
गडग्याला लागून सात जास्वंदी लावल्या,
त्यांच्या पायाशी सात शिरांची भेंडी,
उरलेल्या फटीत दोन पपया.
शालन म्हणाली, किती दाट!
म्हटलं, जागा वाया कशाला घालवायची.

नोव्हेंबरात पहिला पांढरा ठिपका दिसला.
आठवड्यात कळ्यांवर कुणी पीठ सांडल्यासारखं,
पानं चिकट, त्यांवर काजळी.
पुतण्याला फोन केला. म्हणाला,
काका, पिवळा पाठवतो, संध्याकाळपर्यंत साफ.
शालन विळीवर बसली होती. नुसती म्हणाली,
ही भेंडी उद्या आपणच खायची आहे ना?

मग साबणाचं पाणी, बादली, जुना टूथब्रश.
फांदी फांदी घासली.
त्यांत काही मोठे होते, झालरीवाले,
ब्रश जवळ नेला की पळायचे.
ते आधी खरवडले. चोर पळतो म्हणून.

आवेलिनाबाय गडग्यापलीकडून बघत होती,
हातात पोदेराकडून घेतलेले गरम पोळे.
म्हणाली, पयलीं मुयो पळय, मागीर ढेकूण.
बघितलं. खोडावरून एक काळी ओळ,
वर जाणारी रिकामी, खाली येणारी गोड पिऊन तट्ट,
एकीच्या तोंडात तर पिठ्याचं पिल्लू,
नव्या फांदीवर बिऱ्हाड करून द्यायला.
मग तिनं माझ्या बादलीत बोट घातलं,
एक झालरीवाला उचलून तळव्यावर ठेवला.
हो दुस्मान न्हय रे, हो इश्ट.

पिठ्यासारखंच पीठ माखून
पिठ्याच खाणारं पोर ते.
मोठं झालं की काळी पाठ, नारिंगी डोकं,
मोहरीहून जरासं थोर.
त्याचं चित्र मी पाहिलं होतं,
कंपनीच्या एका पत्रकात, पान चौथं.
त्या पत्रकाच्या मी पुड्या बांधल्या.

त्या दिवशी बादलीत किती होते
ते मोजलं नाही.

चार जास्वंदी उपटल्या. जाळल्या.
जास्वंद आणि भेंडी एका घराण्यातल्या,
एकीचा पाहुणा दुसरीकडे जेवायला येणारच.
परीक्षेत हे लिहून मार्क घेतले होते,
लावताना आठवलं नाही.
गडग्याला टेकलेल्या फांद्या छाटल्या,
मुंग्यांना तो बोरीचा पूलच झाला होता.
उरलेल्या खोडांना कापडाची पट्टी, वर सायकलचं ग्रीस.
भेंडी पुढल्या पावसात विहिरीकडे जाईल.
रिकाम्या जागेत आबोली, बाजूला बडीशेप,
काढायची नाही, फुलू द्यायची,
इश्टांना काहीतरी हवं ना, अधल्यामधल्या दिवसांत.

कोपऱ्यातल्या एका जास्वंदीवर
वीतभर फांदी पांढरीच ठेवली आहे.
पुतण्या आला होता रविवारी. म्हणाला,
काका, हे राहिलंय बघा.
म्हटलं, राहिलेलं नाही, ठेवलंय.
सगळंच साफ केलं तर ते खाणार काय
आणि इथं थांबणार कशाला?
तो हसला. त्याला दुकान चालवायचं आहे,
मी वाद घातला नाही.

टूथब्रश अजून पडवीच्या खिडकीत आहे.
सवयीनं हात जातो.
आता जवळ नेऊन थोडा थांबतो,
बघतो,
पळतंय का.