नमुना सही

वेन्डेल टॅकेटची सही मी लांबून ओळखायचे:
निळी शाई, रेघ सोडून वर चढणारी,
दरवर्षी जरा जास्त थरथरलेली.

गेल्या जानेवारीत त्याचा अर्ज
बर्फात अडकला. दोन दिवस उशीर.
मीच परत पाठवला.
मार्चपर्यंत ऑक्सिजनचं सिलिंडर
शेजारणीकडून उसनं आणत होता म्हणे.

यंदा केंटकीच्या त्या डोंगरात
टपाल नको, पेन नको.
नाव टाइप करा, चौकटीत खूण करा,
झाली सही.

त्याची आली रात्री दोन चाळीसला.
काळी, सरळ, सगळ्यांसारखी,
हात कसा आहे ते न सांगणारी.

मग दिसलं,
शेवटच्या अक्षरावरून बोट उचललंच नव्हतं:
टॅकेटटटट

नाव जुळत नाही, यंत्र म्हणालं.
जुळतं, मी म्हटलं,
आणि दाबलं.